भीड घरी ठेवून जा

सोलापूर
गड्डा यात्रेतला रविवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल होम मैदानावर तुझे बाबा भेटले. पाळण्यांच्या गोंगाटात एकच प्रश्न तीनदा विचारला, "एकटीच निघालीय, जमेल ना तिला?" मी हो म्हणालो. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, पाच आठवडे, पाठीवर एक सॅक. जमेल की. तुला रस्ते कळतात, पैसे मोजता येतात. मला काळजी आहे ती तुझ्या भिडेची. नवी पेठेतल्या दुकानदाराने दहा ड्रेस काढून दाखवले म्हणून न आवडलेला अकरावा घेऊन आलेली तूच ना?

हसत नाही, माझंही तेच झालंय. 1998 साली टॉवेलचे नमुने घेऊन मी पहिल्यांदा बँकॉकला गेलो. राजवाड्याबाहेर कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस भेटला. "आज राजवाडा बंद आहे, पण हा टुकटुकवाला वीस बाथमध्ये दोन देवळं दाखवेल." दुसऱ्या देवळानंतर गाडी थेट खड्यांच्या दुकानासमोर. गार सरबत आलं, खुर्ची आली, तासभर ट्रेवर ट्रे उघडले गेले. एवढं केल्यावर रिकाम्या हाताने उठायचं कसं? नीलमची म्हणून अंगठी घेतली. इथल्या सराफाने डोळ्याला भिंग लावलं, अंगठी हळूच कापसावर ठेवली आणि विचारलं, "चहा घेणार का?" मी समजलो. राजवाडा त्या दिवशी उघडाच होता. ही थाप तिथे अजून चालते म्हणे. आमची आई म्हणायची, भीड भिकेची बहीण.

तर स्कूटर भाड्याने घेताना दुकानदार पासपोर्ट ठेवून जा म्हणेल. ठेवायचा नाही. झेरॉक्स दे, रोख अनामत दे. ऐकत नसेल तर पुढचं दुकान. पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये गेला की संध्याकाळी जुन्या ओरखड्याचे तो म्हणेल तेवढे पैसे द्यावे लागतात. म्हणून गाडी हातात येताच चारही बाजूंनी व्हिडिओ काढ. व्हिएतनाममध्ये मात्र चालवूच नकोस. आपल्या आरटीओतलं आंतरराष्ट्रीय परमिट 1949 च्या कराराप्रमाणे निघतं, व्हिएतनाम 1968 चा करार मानतो. एमएच 13 वर तू कितीही सफाईने गाडी काढत असलीस तरी तिथे विनापरवानाच. पोलिसांचं सोड, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि बाबांना एफडी मोडावी लागते. थायलंडमध्ये ते परमिट चालतं, पण त्यावर दुचाकीची नोंद आहे ना ते बघून घे.

पुढचं लिहू की नको, असं दोनदा मनात आलं. तू पितेस की नाही हे मी विचारत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये लाओसच्या वांग व्हिएंग गावात मिथेनॉलची भेसळ असलेली दारू पिऊन 6 परदेशी प्रवासी गेले. त्यात 19 वर्षांच्या दोन मुली होत्या. मिथेनॉल चवीवरून ओळखू येत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, ते डोळ्याच्या नसेला जाळतं, आणि त्रास सुरू व्हायला बऱ्याचदा 12 ते 24 तास जातात. तोवर माणूस समजतो, रात्रीची उतरली नाही. डोळ्यांपुढे धुकं आलं तर झोपून राहायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. फुकटचा शॉट, बादलीत कालवलेलं कॉकटेल याला हात लावू नकोस. सगळे घेताना एकटीने नको म्हणायला अवघड जातं, माहीत आहे. तरी म्हणायचं.

समुद्राचं थोडक्यात. तू विहिरीत पोहायला शिकलीस. विहीर ओढून नेत नाही. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नकोस, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पड.

कुणी ओळखीच्याचा ओळखीचा निघेल. "बँकॉकला आहेसच तर डेटा एन्ट्रीचं काम आहे, न्यायला गाडी येईल." अशा गाड्या थायलंडच्या सीमेवरच्या माए सोत गावावरून म्यानमारच्या हद्दीत गेल्यात. तिथल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या 500 हून जास्त भारतीयांना मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यांतल्या कितीतरी जणांना नोकरी सांगूनच नेलं होतं. आणि विमानतळावर कुणाची बॅग "दोन मिनिटं धर" म्हणूनही धरायची नाही, आजीबाई असल्या तरी.

थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर 1155, आत्ताच सेव्ह कर. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसात तक्रार, मग आपला दूतावास; इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण त्यावर फक्त घरी येता येतं. दोन कार्डं दोन ठिकाणी ठेव. प्रत्येक नव्या गावात पहिल्या रात्रीची खोली आधी ठरवून, उजेडी पोच.

फसलीस तर लगेच फोन कर, चूक शंभर टक्के तुझी असली तरी. लाजेपायी माणूस आणखी खोलात जातो. त्या अंगठीची गोष्ट मी काकूपासून अकरा वर्षं लपवली, आणि ती झाकायला काय काय खोटं बोललो ते भेटल्यावर सांगेन.

निघायच्या आधी एका संध्याकाळी घरी ये. काकूने शेंगापोळ्या केल्यात. दोन खा. तिसरी ती न विचारता ताटात टाकेल, वर तुपाची धार. ती परत करून दाखव.

तुझा,
काका