बदली होऊन सांगलीत आलोय. वाचनाची आणि निवांत सिनेमांची आवड कुणाबरोबर वाटून घेऊ?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत येऊन आठ महिने झाले, विश्रामबागला खोली घेऊन एकटे राहता, आणि ऑफिसात पुस्तकाचा विषय काढला की समोरचा म्हणतो, ‘तुम्हाला बरा वेळ मिळतो.’ हे ‘बरा वेळ मिळतो’ मी 22 वर्षं ऐकतोय. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी वाचत बसतो. गिऱ्हाईक येतं, आधी मान वाकडी करून पुस्तकाचं नाव बघतं, मग आधार कार्ड पुढं सरकवून म्हणतं, ‘दोन्ही बाजू एकाच कागदावर.’

त्यामुळं समानधर्मी कुठं शोधायचे याचं माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे, ते झेरॉक्सला येतात. तुमचं दुकान नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फसलेला उद्योग सांगतो, म्हणजे तुम्ही तो करणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी वाचनकट्टा काढला. महिन्यातून एक शनिवार, एकाच्या गच्चीवर, प्रत्येकानं वाचलेल्या पुस्तकाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. पहिल्या खेपेला 14 जण आले, आम्ही हरखून गेलो. दुसऱ्या खेपेला एक गृहस्थ टाचणं घेऊन आले आणि 40 मिनिटं बोलले. तिसऱ्या खेपेला अध्यक्ष, सूत्रसंचालन, आभारप्रदर्शन सगळं आलं, नारळ तेवढा फोडायचा राहिला. चौथ्या खेपेला आम्ही तिघंच होतो आणि 14 जणांच्या हिशोबानं आणलेलं भडंग. ग्रुप अजून चालू आहे. त्यावर रोज सकाळी फुलांचे फोटो येतात.

आमच्या गावाची ही खोड जुनी आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून सांगलीत चार माणसं जमली की एकाला रंगमंच लागतो आणि उरलेल्या तिघांना खुर्च्या.

आवड वाटून घ्यायची म्हणजे काय करायचं, हे मला 2019 च्या पुरात कळलं. आमचं घर गावभागाच्या बाजूला, तळमजल्यावर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. त्या ऑगस्टात पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. 2005 ला पाणी भिंतीवर जिथं थांबलं होतं, त्याच्या वर हातभर धरून आम्ही सामान माळ्यावर टाकलं होतं. हिशोब चुकला. शेवटी बायको, मुलगी आणि मी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडं गेलो. हातात कागदपत्रांची पिशवी, डाळ-तांदूळ आणि, का कुणास ठाऊक, दोन जुने दिवाळी अंक.

वीज गेलेली. दुसऱ्या दिवशी फोनही संपले. एका खोलीत आम्ही सातजण. दर तासाला कुणीतरी जिन्यात बॅटरी मारून यायचं आणि दारातनंच सांगायचं, ‘सातवी पायरी.’ मग ‘आठवी.’ मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिचं लक्ष त्या पायऱ्यांवरून काढायचं म्हणून मी मेणबत्तीपाशी बसून अंकातली एक विनोदी कथा मोठ्यानं वाचली. कथा खरं तर बेताची होती. एरवी दोन पानांत सोडली असती. पण काकूंचे यजमान, ज्यांनी पेपराशिवाय काही वाचल्याचं मी पाहिलं नव्हतं, मध्येच म्हणाले, ‘ते घरमालकाचं परत वाच की.’

दुसऱ्या रात्री मेणबत्त्या राखून ठेवायच्या होत्या. अंधारात कुणी बोलेना. तेव्हा काकू म्हणाल्या, ‘थांबा, मी तुम्हाला पिक्चर सांगते.’

त्यांनी ‘बावर्ची’ सांगितला. 1972 चा, हृषिकेश मुखर्जींचा. घराचं नाव शांतिनिवास आणि शांतता नावाला नाही, भांडणांपायी स्वयंपाकी टिकत नाहीत, आणि एक दिवस राजेश खन्ना दारात येऊन उभा राहतो. या सिनेमाच्या सुरुवातीची नावं अमिताभ बच्चनच्या आवाजात ऐकू येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. काकूंनी तीही आवाज जाड करून सांगितली, जेवढी आठवली तेवढी. मग माणसं एकेक करून आणली. थोरली सून कशी, धाकटी कशी, म्हातारे आजोबा कुठल्या कोपऱ्यात बसतात. आम्ही सकाळपासून खिचडीवर होतो आणि काकू कढईत काय पडलं, फोडणी कशी तडतडली, कोथिंबीर कधी घातली हेसुद्धा सोडत नव्हत्या. सिनेमापेक्षा त्यांच्या सांगण्याला जास्त वेळ लागला असेल. अर्ध्यावर त्या म्हणाल्या, ‘उरलेला उद्या.’ मुलगी रडकुंडीला आली. पण त्या रात्री पायरी बघायला कुणी उठलं नाही.

पाणी उतरल्यावरचं थोडक्यात सांगतो. माझी चारशेक पुस्तकं होती. साध्या खरबरीत कागदाचे जुने अंक फुगले, वास मारायला लागले, पण दोरीवर चिमटे लावून टांगल्यावर पानं सुटली. चकचकीत आर्ट पेपरची पुस्तकं मात्र गेली. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. ओला झाला की पान पानाला धरतं आणि वाळलं की सोडत नाही. ओली असतानाच एकेक पान सोडवायला हवं होतं, पण तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता, पुस्तकाकडं कोण बघतो? वाळल्यावर विटा झाल्या. (धंद्यातली एक गोष्ट जाता जाता: लेझरची आणि झेरॉक्सची अक्षरं पाण्यानं जात नाहीत, इंकजेटची बहुधा वाहून जातात. महत्त्वाचा कागद कशावर काढायचा ते तुम्ही ठरवा.) शहरातल्या ग्रंथालयांचीही पुस्तकं त्या वर्षी भिजली. माझं दुःख त्यापुढं किरकोळ.

साठेक पुस्तकं पुरातनं बचावली, ती मी घरी ठेवलीच नाहीत. दुकानाच्या काउंटरवर ठेवली. वही केली नाही, अनामत घेत नाही. नोंद ठेवायची तर ग्रंथालयं आहेत, आणि चांगली आहेत. नगर वाचनालयाचे सभासद तुम्ही या आठवड्यातच व्हा, तो मुद्दा मी धरूनच चाललोय. काउंटरवर मी एवढंच करतो, पुस्तकात एक चिठ्ठी घालतो आणि तिच्यावर फक्त पानाचा आकडा लिहितो. ‘43.’ बाकी काही नाही. प्रोजेक्टची 80 पानं छापून स्पायरल होईपर्यंत पोरगं उभं असतं. मोबाईलची रेंज आमच्या दुकानात वाईट आहे, हे माझं नशीब. ते चिठ्ठी बघतं, 43 उघडतं. तिथं कुणीतरी एस.टी. चुकवलेली असते किंवा सासऱ्याशी बोलणं तोडलेलं असतं. स्पायरल होतं, पैसे देऊन झाले तरी ते उभंच. मग विचारतं, ‘काका, ह्याच्या आधी काय झालं?’ पुढं काय झालं हे सगळे विचारतात. आधी काय झालं म्हणून विचारणारा माझा माणूस.

पुस्तकं परत येतात का? बहुतेक येतात. एका साहेबांनी नेलेलं चार वर्षं झाली आलेलं नाही. ते अजून झेरॉक्सला येतात आणि काउंटरकडं बघायचं टाळतात. मला वाईट वाटतं ते पुस्तकाचं नाही. त्यांना त्याबद्दल आता बोलता येत नाही, त्याचं वाटतं.

तुम्हाला लगेच करता येईल अशी एक गोष्ट म्हणजे अंकांची भिशी. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी माणूस फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवत आलाय. आता अंकांच्या किमती अशा की एका पगारात चार घेताना हात आखडतो. आम्ही आठ घरं मिळून आठ वेगवेगळे अंक घेतो. दर रविवारी अंक पुढच्या घरी सरकतो, म्हणजे दिवाळीला निघालेली फेरी संक्रांतीच्या आत संपते. जी कथा शेवटपर्यंत वाचली तिच्यावर पेन्सिलीनं बारीक टिंब करायचं, एवढाच नियम. आठव्या घरी अंक पोचतो तेव्हा टिंबांवरून सगळं कळतं. संपादकीयावर आजवर एकही टिंब पडलेलं नाही. राशिभविष्यावर टिंब करायला सगळे लाजतात, पण ती पानं सगळ्यात आधी चुरगळतात. शब्दकोडं पेनानं सोडवणाऱ्या एका सभासदाला आम्ही दुसऱ्या वर्षी भिशीतनं काढलं. ऑफिसात तुम्ही हे सुरू करू शकता. ‘वाचता का?’ असं विचारू नका, माणूस गुन्हा केल्यासारखा ‘नाही हो, वेळच नाही’ म्हणतो. ‘भिशी लावताय का?’ विचारा. याला सांगलीत नाही म्हणणारा मी अजून बघितला नाही.

सिनेमाचं वेगळं. तिथं प्रत्येकाकडं फोन आहे, सिनेमे हजारो आहेत आणि कुठला बघायचा हे ठरवण्यात जेवण होतं. आमचं रविवारी संध्याकाळी काकूंकडं असतं. एकूण नऊ सिनेमे, यादी फ्रिजवर चिकटवलेली. नवा घालायचा तर जुना एक काढायचा. निवांत सिनेमा कशाला म्हणायचं यावर आमच्यात वाद आहेत. मी म्हणतो, ज्यात खलनायक नाही, माणसं पडद्यावर खरोखर जेवतात आणि खोटं पकडलं जातं तरी कुणी आयुष्यातून उठत नाही, तो. बायको म्हणते, ज्याच्यात मध्येच उठून कुकर लावून येता येतं, तो. तिची व्याख्या जास्त टिकाऊ आहे. काकू वर्षभरात एकच सिनेमा चार वेळा बघतात. घेवडा निवडत बसलेल्या असतात आणि ठरलेल्या जागांनाच मान वर करतात. त्या जागा आम्हाला पाठ झाल्यात. मी एकदा विचारलं, ‘काकू, शेवट माहीत असताना परत काय बघायचं?’ त्या म्हणाल्या, ‘अरे, तुझ्या लग्नाचा अल्बम तू शेवट बघायला उघडतोस का?’

पूर ओसरल्यावर डिसेंबरात आम्ही सगळ्यांनी बसून ‘बावर्ची’ बघितला. मुलगी मांडी घालून पुढं. अर्धा झाला, पाऊण झाला, ती अस्वस्थ. शेवटी म्हणाली, ‘आजी, तो पापड जळतो आणि सगळे हसतात, तो सीन कुठाय?’ तसा सीन त्यात नव्हता. थोरल्या सुनेचं माहेरही काकूंनी स्वतःचं घातलं होतं, असं एकेक निघत गेलं. काकू अजिबात ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, ‘टीव्हीवाले कापतात हल्ली.’ मुलगी आजही म्हणते की काकूंचा बावर्ची जास्त चांगला होता, आणि मला तिचं पटतं.

म्हणून तुम्हाला सांगतो, ऑफिसात डब्याच्या वेळी पुस्तकाचं नाव घेऊ नका, लेखकाचं तर नाहीच. ‘काल एक माणूस...’ असं सुरू करा आणि चहा आला की थांबा. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं तर तो तुमचा. कुणीच नाही विचारलं तर चहा तरी गरम मिळाला.

गावाबाहेर पडायची तयारी असेल तर संक्रांतीला औदुंबरला जा. कृष्णाकाठी साहित्य संमेलन भरतं, माणसं दत्ताचं दर्शन घेतात आणि कविता ऐकायला बसतात. तिथं शेजारच्याशी बोलायला ओळख लागत नाही, तिळगूळ पुरतो. आणि दोन दिवसांची सुट्टी जोडून आली तर साताऱ्याच्या बाजूला भिलार आहे, पाचगणीजवळ. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेतली, पण इथं पुस्तकं विकत नाहीत. लोकांच्या घरांत ठेवलीयेत, जाऊन बसायचं आणि वाचायचं, फुकट. मी गेलो होतो तेव्हा ज्या घरात बसलो तिथल्या बाईंनी न विचारता चहा आणला आणि म्हणाल्या, ‘वाचा निवांत, मी शेतावर जाऊन येते.’ घर उघडं टाकून गेल्या. पुस्तकापेक्षा मला तेच जास्त आठवतं.

बाकी तुम्ही रविवारी संध्याकाळी या. कुणालाही ‘वर काकूंकडं सिनेमा असतो तो जिना कुठला’ विचारलंत की गल्लीतलं पोरगं दाखवेल. येताना पुस्तक आणू नका, सध्या वाचताय त्यातलं काहीतरी सांगा. काकू ऐकतील आणि मध्ये मध्ये दुरुस्त्या करतील, पुस्तक वाचलेलं नसलं तरी.