बॅटरी नसलेल्या जुन्या इंजिनात ठिणगी कशी पडायची?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या वेळचं, पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर चालणारं पंपाचं इंजिन शेतातल्या शेडमध्ये पडून आहे. त्याला प्लग आहे, पण बॅटरी जोडायला कुठे जागाच दिसत नाही. मग ठिणगी कशी पडायची? आणि अगदी सुरुवातीच्या मोटारींचंही असंच होतं का?

मी मिरजेत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. मॅग्नेटच्या कॉइली गुंडाळण्यात पंचवीस वर्षं गेली, त्यामुळे असा प्रश्न कोणी विचारला की फार बरं वाटतं. जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या इंजिनापाशीच जाऊ. प्लग काढा, म्हणजे कॉम्प्रेशनचा जोर आड येणार नाही. आता फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने हळूहळू फिरवा. एका जागी आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटेल, आणि थोडा जोर लावला की सुटेल. ते धरणारे म्हणजे फ्लायव्हीलमध्ये बसवलेले लोहचुंबक. चाकाच्या आत, इंजिनाला पक्की बसवलेली एक कॉइल, म्हणजे तारेचं गुंडाळं, आहे. चुंबक तिच्यासमोरून गेला की तिच्यात वीज तयार होते. म्हणजे इंजिन आपली ठिणगी आपणच पाडतं. याला मॅग्नेटो म्हणतात, आमच्या धंद्यात नुसतं मॅग्नेट. लुनालाही हेच होतं, म्हणून बॅटरी नसताना नुसते पायडल मारून ती चालू व्हायची.

आज ही गोष्ट इतकी साधी वाटते, पण तिच्यापर्यंत पोचायला माणसाला सव्वाशे वर्षं लागली. गंमत अशी की ठिणगीने वायू पेटवणं इंजिनाच्याही आधी जमलं होतं. इटलीच्या व्होल्टाने १७७७ च्या सुमारास दलदलीतला वायू एका बंद नळीत भरून विजेच्या ठिणगीने पेटवला होता, नळीचं बूच उडायचं. तीच युक्ती वापरून स्वित्झर्लंडमधल्या इसाक द रिवाझ यांनी १८०७ साली हायड्रोजनच्या इंजिनाचं पेटंट घेतलं. एकदा ठिणगी पाडणं सोपं. मिनिटाला शेकडो वेळा, प्रत्येक वेळी अचूक क्षणी पाडणं, तेही धग, तेल आणि काजळी यांच्यामध्ये, हे अवघड.

पॅरिसमध्ये एतिएन लेन्वार यांनी १८६० साली कोळशाच्या गॅसवर चालणारं इंजिन बाजारात आणलं. त्यात चिनी मातीचा प्लग होता, बॅटरी होती आणि रूमकोर्फची कॉइल होती. ही कॉइल म्हणजे आजच्या इग्निशन कॉइलची आजीच. जाड तारेचे थोडे वेढे, त्यांच्यावर बारीक तारेचे हजारो वेढे. जाड तारेतला करंट एकदम तोडला की बारीक तारेत हजारो व्होल्ट तयार होतात. लेन्वार यांच्या इंजिनात गॅस दाबला जात नव्हता, म्हणून तेवढ्यावर निभायचं. साध्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. हवा जितकी दाबाल तितके जास्त.

पुढे १८७६ साली निकोलाउस ऑटो यांनी चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं. मिश्रण आधी दाबायचं आणि मग पेटवायचं, हा त्याचा प्राण. पण ठिणगीवर त्यांचा भरवसा बसला नाही. त्यांनी चक्क ज्योत वापरली. इंजिनाच्या टोकाला एक सरकती पट्टी असायची. तिच्या पोकळीत गॅसची छोटी ज्योत घेऊन ती पट्टी सिलिंडरच्या भोकासमोर सरकायची. आत भडका उडाला की ती ज्योत विझायची, मग परत जाऊन बाहेरच्या बर्नरवर नव्याने पेटायची. हे सगळं मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आतबाहेर जमायचं. गिरणीला, पाण्याच्या पंपाला ते पुरेसं होतं. गाडीला नव्हे.

डाइमलर आणि मायबाख यांनी दुसरी वाट धरली. सिलिंडरच्या डोक्यात एक बंद नळी, आणि बाहेरून ती बर्नरने लालबुंद तापवायची. दाबलेलं मिश्रण त्या नळीत शिरलं की पेट घ्यायचं. त्यांचं इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांपर्यंत गेलं, त्या काळी ही झेप मोठी होती. पण पेटण्याचा क्षण हातात नव्हता. शिवाय पेट्रोलच्या गाडीवर उघडा बर्नर जळत ठेवायचा! वाऱ्याने तो विझायचा, आणि गाडी कलंडली तर आगीची धास्ती.

कार्ल बेंझ ठिणगीवर ठाम राहिले. १८८६ च्या त्यांच्या तीनचाकीत बॅटरी होती आणि सतत थरथरणारी पट्टी असलेली कॉइल होती. इग्निशनला ते ‘सगळ्या समस्यांची समस्या’ म्हणत, आणि मी रोज जे बघतो त्यावरून मला ते पूर्ण पटतं. त्यांच्या पत्नी बेर्था यांनी १८८८ च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना घेऊन मानहाइम ते फोर्झहाइम असा शंभरेक किलोमीटरचा प्रवास त्या गाडीने केला. पेट्रोलची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनची तार घासून उघडी पडली, तेव्हा मोज्याचा पट्टा तिला गुंडाळला. लांबच्या प्रवासाला निघालेल्या मोटारीचा तो पहिला इलेक्ट्रिक फॉल्ट म्हणायला हरकत नाही, आणि तो रस्त्यातच दुरुस्त करणारी ही बाई होती. तार गाडीच्या लोखंडाला लागली की ठिणगी प्लगला पोचत नाही, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांचा आजार आजही तोच असतो.

आता बॅटरीची अडचण. तेव्हा गाडीत चार्जिंगला डायनॅमो नव्हता. करंट संपला की गाडी उभी. हेन्री फोर्ड यांनी तर १८९३ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपलं पहिलं छोटं इंजिन डेट्रॉइटमधल्या घरी, स्वयंपाकघरातल्या सिंकवर बसवून चालवलं. ठिणगीसाठी वीज घरातल्या दिव्याच्या जोडणीतून घेतली, आणि पेट्रोलचे थेंब सोडायला पत्नी क्लारा उभ्या होत्या. स्वयंपाकघरात हे चाललं, रस्त्यावर दिव्याची जोडणी कुठून आणणार?

म्हणून चुंबक. ऑटो यांनीच १८८४ मध्ये चुंबकावर चालणारं ठिणगीचं यंत्र बनवलं होतं. १८८७ मध्ये स्टुटगार्टला रॉबर्ट बॉश नावाच्या एका तरुण कारागिराकडे एक गिऱ्हाईक आलं आणि तसंच यंत्र मागू लागलं. बॉश यांनी शॉर्नडॉर्फ गावी जाऊन चालू इंजिनावरचं ते यंत्र बघितलं, त्यावर पेटंट नाही याची खात्री केली आणि सुधारून बनवायला घेतलं. पण हे कमी व्होल्टेजचं मॅग्नेटो. यात प्लगच नसतो. सिलिंडरच्या आत दोन टोकं एकमेकांना टेकलेली असतात, आणि बाहेरची दांडी योग्य क्षणी त्यांना झटक्याने वेगळं करते. करंट तुटताना ठिणगी पडते. घरातला स्विच बंद करताना आत बारीक चमक दिसते ना, तसंच. दोष असा की ती टोकं आगीतच राहायची, जळायची, आणि त्यांना हलवणाऱ्या दांड्या वेगात मागे पडायच्या.

तरीही राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकला जे विमान उडवलं, त्याच्या इंजिनात हीच पद्धत होती. त्या इंजिनाला स्पार्क प्लग नव्हते. चालू करण्यापुरते चार ड्राय सेल आणि एक कॉइल जोडायचे, इंजिन लागलं की काढून जमिनीवरच ठेवायचे. पुढे मॅग्नेटोवर काम. एकेका किलोचा हिशेब असताना बॅटरी वर कोण नेणार!

खरी कसोटी लागली ती १८९७ ला. फ्रेडरिक सिम्स यांनी द दियाँ-बुताँची तीनचाकी बॉशकडे आणली. तिचं इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्या मारायचं. चार स्ट्रोकच्या इंजिनाला दोन फेऱ्यांत एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला १५. तोवरचं मॅग्नेटो मिनिटाला दोनशेच्या आसपास थकायचं, कारण तारेने गुंडाळलेला जड आर्मेचर मागेपुढे हलवावा लागे. बॉशकडच्या आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी तो जड आर्मेचर जागेवर थांबवला. तो आणि चुंबक यांच्यामध्ये लोखंडाची एक हलकी बाही घातली आणि फक्त तीच हलवली. काम झालं. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वात सुंदर भाग वाटतो.

राहिली होती सिलिंडरमधली ती जळणारी टोकं. ती काढायचं काम १९०१ मध्ये गोटलोब होनोल्ड यांच्याकडे आलं आणि १९०२ च्या जानेवारीत त्यांचं पेटंट झालं. त्यांनी एकाच आर्मेचरवर दोन वाइंडिंग गुंडाळली, जाड तारेचं आणि बारीक तारेचं. कॉइल आणि जनरेटर एकाच जागी आले. हलणारं काही सिलिंडरच्या आत उरलं नाही, तिथे फक्त प्लग. बॉशच्या मालावर वर्तुळात जे इंग्रजी H सारखं चिन्ह दिसतं, ते याच आर्मेचरचं चित्र आहे. ते १९१८ मध्ये काढलं, तेही होनोल्ड यांनीच. आपल्याकडे मायकोच्या, म्हणजे बॉशच्याच भारतातल्या कंपनीच्या, प्लगमुळे हे नाव गॅरेजागॅरेजात पोचलं, पण चिन्हाचा अर्थ फार थोड्या मेकॅनिकांना माहीत असतो.

माझ्या टेबलावर असं एक जुनं मॅग्नेटो आहे, नालाच्या आकाराच्या चुंबकांचं. दांडा फिरवला की एका फेरीत दोनदा अडतो. अडला की आतला आर्मेचर चुंबकाच्या दोन्ही टोकांमध्ये आडवा आलेला असतो. तिथून जोर लावून सोडवला की चुंबकाचा प्रवाह एकदम उलटतो आणि जाड तारेत करंट उसळतो. तो शिगेला पोचतो नेमका त्याच क्षणी पॉइंट, म्हणजे करंट तोडणारा छोटा स्विच, उघडतो. करंट तुटतो, बारीक तारेत दहा-पंधरा हजार व्होल्ट उभे राहतात आणि बाहेरच्या फटीत चट् करून निळी ठिणगी उडते. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर, म्हणजे वीज क्षणभर साठवून घेणारा छोटा भाग, नसेल तर तीच ऊर्जा पॉइंटवर जळून जाते आणि प्लगला पिवळट, मरतुकडी ठिणगी मिळते. शिकाऊ असताना मी एकदा वायर बोटात धरून दांडा फिरवला होता. कोपरापर्यंत सणक गेली. तुम्ही तसं करू नका, रबराच्या टोपीला धरा.

यात वेळेला फार किंमत आहे. मिनिटाला १,५०० फेऱ्या असल्या की एक फेरी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात होते. मिश्रणाला पेटून पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी टाकावी लागते. यालाच ॲडव्हान्स म्हणतात. जुन्या गाड्यांत त्यासाठी स्टीअरिंगजवळ एक छोटी दांडी असायची. हँडल मारून इंजिन चालू करताना ती मागे घ्यायची विसरली, तर पिस्टन उलटा फेकला जायचा आणि हँडल मनगट मोडायचं.

त्या हँडलनेच शेवटी बॅटरीला परत आणलं. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. स्टार्टर म्हणजे मोठी बॅटरी, बॅटरी म्हणजे ती चार्ज करायला डायनॅमो. ते सगळं गाडीत असताना वेगळं महागडं मॅग्नेटो कशाला? फोर्डच्या मॉडेल टीमध्ये फ्लायव्हीलवर १६ चुंबक होते. तिच्यानंतर १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल एमध्ये बॅटरी आणि प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर आले. मोटारीतून मॅग्नेटो गेलं, पण मोपेड, फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं यांत टिकलं. आणि छोट्या पिस्टन विमानांतही. बारामतीला सेसनावर शिकणारी मुलं उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो बंद करून फेऱ्या किती उतरतात ते बघतात. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळी मॅग्नेटो. विमानाची सगळी वीज गेली तरी इंजिन चालू राहतं.

आता तुमचं इंजिन. प्लग वायरला लावून त्याचा धातूचा भाग हेडला टेकवून ठेवा. प्लगच्या भोकापासून लांब, आसपास पेट्रोल नको. दोरी जोरात ओढा. हळू ओढलं तर ठिणगी पडणारच नाही, मॅग्नेटला वेग लागतो. ठिणगी आली नाही तर लगेच कॉइल गेली समजू नका. फ्लायव्हीलला खिडकी असते, तिच्यातून पॉइंट दिसतो. इतकी वर्षं पडून राहिल्यावर त्यावर पापुद्रा धरलेला असतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, मग कोऱ्या कागदाची पट्टी ओढून पुसा, फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवा. नाहीच जमलं तर कंडेन्सर बदला, तो स्वस्त आहे. कॉइल सगळ्यात शेवटी.

आणि फ्लायव्हील काढावं लागलं, तर हातोडीने ठोकू नका, चाक ओढून काढायचा पुलर वापरा. ठोकल्याने जुने चुंबक कमजोर होतात. काढल्यावर ते उघडे ठेवू नका, टोकांवर लोखंडाची पट्टी आडवी लावून ठेवा. ठिणगी निळी आली की पिवळी, ते खाली कळवा, मग पुढचं सांगतो.