पितळी पातेलं गुलाबी का पडलं?

प्रश्न : आजेसासूबाईंचं पितळी पातेलं माळ्यावरून काढलं. काळंकुट्ट होतं, म्हणून चिंचेचा कोळ फासून रात्रभर ठेवलं, तर सकाळी जागोजागी गुलाबी! शेजारच्या काकू म्हणतात, आत तांबं आहे, वरून नुसता पितळेचा मुलामा. खरं का? यात आमटी केली तर चालेल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पातेलं अस्सल आहे, मोडीत घालू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात रात्रभर राहिलं की वरच्या थरातलं जस्त आधी विरघळतं आणि तांबं मागे उरतं. तोच तुमचा गुलाबी रंग. थर अगदी पातळ असतो, पितांबरीने दोन-तीनदा घासलंत की जाईल. पुढच्या वेळी चिंच लावली की लगेच धुवा.

आमटी मात्र कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, केल्याशिवाय नको. आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे तांबं-जस्त त्यात उतरतं, आणि मग मळमळ, उलट्या.

कल्हई करून घेताना स्वतः समोर उभ्या राहा. भांडं तापवून, नवसागर भुरभुरून, कथील टेकवतात आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतात. बघायचं ते कथील. चांगल्या कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की कुरकुरते. शिसं विषारी, आणि ते बरंच मिसळलेलं असेल तर हा आवाज दबतो. आवाज आला नाही तर मी तरी पातेलं परत घेऊन येईन.

शिशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझी नोकरी लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर गेली. लोखंडाची लांबलचक वळी निघते, हाताला गुंडाळली तर कापून काढते. पितळी सळईचा मात्र बारीक चुरा उडतो, कारण तो तसा उडावा म्हणून त्यात दोन-तीन टक्के शिसं घातलेलं असतं. नळाच्या तोट्या, शोभेच्या वस्तू अशा पितळेच्या असू शकतात. तुमचं पातेलं पत्रा ठोकून घडवलेलं, त्याची गोष्ट वेगळी. पण शोभेच्या पितळी वाटीत लोणचं वाढू नका, दिसायला कितीही छान दिसो.

कल्हई झाली की रिकामं पातेलं गॅसवर ठेवायचं नाही. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. फोडणी लोखंडी पळीत करा आणि आमटीवर ओता.