ॲरिस्टॉटलच्या सद्गुणविचारानुसार प्राण्यांवरचे प्रयोग योग्य ठरतात का?

खुद्द ॲरिस्टॉटलला विचारलंत तर तो फारशी खळखळ न करता 'हो' म्हणेल. वनस्पती प्राण्यांसाठी आणि प्राणी माणसांसाठी, असं त्याने राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय. घोड्याशी किंवा बैलाशी न्यायाचं नातं असू शकत नाही, हेही त्याचंच म्हणणं. उभा चिरल्यावरही शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) बराच वेळ श्वास घेत राहतो, ही त्याची नोंद तर वाचतानाच अंगावर येते.

पण त्याचं मत एक आणि त्याची पद्धत दुसरी. सद्गुणविचारात प्रश्न असा असतो: हे रोज करून माणूस कसा घडतो? कारण स्वभाव सवयीने बनतो.

इथे मला गेलन आठवतो, इसवी सनाच्या 2ऱ्या शतकातला वैद्य. जिवंत डुकराच्या स्वरयंत्राच्या नसा बांधल्या की त्याचं ओरडणं थांबतं, हे तो लोकांसमोर करून दाखवायचा. शरीरशास्त्रातला हा मोठा शोध, यात वाद नाही. मात्र जिवंत प्राणी चिरायचा तर माकड नको, डुक्कर किंवा बकरी घ्या, असा त्याचा सल्ला होता. माकडाचा चेहरा बघवत नाही म्हणून! (दया नेमकी कोणाची, हे तुम्हीच ठरवा.)

माझ्या मते तुमच्या प्रश्नाला जास्त उपयोगी पडेल तो ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस. प्राणी आपले नातलग आहेत, त्यांचा बळी देणं हा अन्यायच, असं त्याने गुरूच्या विरुद्ध जाऊन मांडलं होतं.