रुबेला पॉझिटिव्ह आलंय, आता बाळाचं काय?

परवा एक ताई आली, तिसरा महिना चालू, सोबत नवरा आणि सासूबाई. टॉर्चच्या, म्हणजे गरोदरपणात बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या इन्फेक्शनच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये रुबेला (जर्मन गोवर) आयजीजी पॉझिटिव्ह, त्यावर कोणीतरी लाल पेनाने गोल केलेला. नवऱ्याने रात्रभर मोबाइलवर वाचलेलं, बाळाला मोतीबिंदू होतो, ऐकू येत नाही, हृदयात दोष राहतो. सासूबाईंनी तर थेटच विचारलं, "मॅडम, पाडायचं का मग?"

मी म्हटलं थांबा हो, खालची ओळ वाचली का कोणी? आयजीएम, म्हणजे नव्या इन्फेक्शनमध्ये दिसणारी अँटीबॉडी, निगेटिव्ह. दिवस गेल्यापासून ताप, अंगावर पुरळ, कानामागे गाठी असं काही झालंय का विचारलं, तर नाही, घरात शेजारीपण कोणाला पुरळ नाही. मग हे आयजीजी म्हणजे लहानपणी कधीतरी रुबेला होऊन गेलाय नाहीतर लस मिळालीये, अँटीबॉडी तयार आहेत. उलट चांगलंच की!

नवऱ्याने वाचलेलं खोटं नव्हतं. पहिल्या १२ आठवड्यांत आईला नव्याने रुबेला झाला तर ९० टक्क्यांपर्यंत बाळांवर परिणाम होऊ शकतो, २० आठवड्यांनंतर तो धोका फारच कमी. १९४१ साली सिडनीतल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे पकडलं, मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या बहुतेक आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीलाच रुबेला होऊन गेलेला. पण ते नवीन इन्फेक्शनचं झालं, जुन्या आयजीजीचं नाही.

आणि आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी लगेच पाडायचं नसतं, ते कधीकधी खोटंच पॉझिटिव्ह येतं, म्हणून अ‍ॅव्हिडिटी टेस्ट (इन्फेक्शन नवं की जुनं ते बघणारी) करतात, थोड्या दिवसांनी परत रक्त तपासतात आणि मगच डॉक्टर काय ते सांगतात. मला विचाराल तर काही लक्षण नसताना सरसकट टॉर्च करायला लावणंच चुकीचं, पैसे जातात ते जातात वर घरभर रडारड.

ताईने डोळे पुसले आणि नणंदेचं काढलं, तिचं लग्न ठरलंय. वय २५, म्हणजे २०१८ च्या शाळेतल्या गोवर-रुबेला मोहिमेत ती बसलीच नसणार, ती १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होती. म्हटलं तिला आत्ताच एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) देऊन घ्या, नंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, कारण गरोदरपणात ही लस देत नाहीत. चुकून दिली गेली तरी त्यासाठी पाडायची गरज नसते, हे सासूबाईंकडे बघूनच सांगितलं.