ईआरपीनेक्स्टमध्ये डीलरसाठी वेगळं पान: सर्व्हर स्क्रिप्ट चालू करण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ईआरपीनेक्स्ट या ऑर्डर-हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर मंजुरीत कुठे अडकली आहे ते डीलरला दिसावं म्हणून तुम्ही डेस्कमधून (कर्मचाऱ्यांच्या आतल्या स्क्रीनवरून) 'वेब पेज' बनवलं, मागे एपीआय प्रकारची सर्व्हर स्क्रिप्ट (पानाने विचारलं की सर्व्हरवरून माहिती काढून देणारा छोटा कोड) लावली, आणि आवृत्ती १५ वर गेल्यापासून पान कोरं येतंय.

कारण साधं आहे. आवृत्ती १५ पासून फ्रॅपेमध्ये, म्हणजे ईआरपीनेक्स्ट ज्या फ्रेमवर्कवर उभं आहे त्यात, सर्व्हर स्क्रिप्ट मुळातच बंद असतात, बेंचच्या (साइट जिथून चालते त्या इन्स्टॉलेशनच्या) कॉन्फिगमध्ये मुद्दाम चालू कराव्या लागतात. काम एका ओळीचं आहे. पण तुम्ही चिकटवलेली स्क्रिप्ट वाचली आणि वाटलं, बंद पडली तेच बरं झालं.

ती स्क्रिप्ट ग्राहकाचं नाव ब्राउझरकडून घेते आणि फ्रॅपेच्या 'गेट-ऑल' या फंक्शनने ऑर्डर काढून देते. 'गेट-ऑल' परवानग्या बघतच नाही. एखाद्या चलाख डीलरने ब्राउझरचा कन्सोल उघडून नाव बदललं आणि तीच विनंती पाठवली, की शेजारच्या डीलरच्या ऑर्डर दरासकट त्याच्यापुढे. पानावर नावाचा रकाना लपवलाय म्हणून काही फरक पडत नाही.

मग परवानग्या बघणारं 'गेट-लिस्ट' वापरा, असं कोणीतरी सुचवेलच. एरिया मॅनेजरपुरतं ते बरोबर आहे. तो सिस्टिम युजर, म्हणजे डेस्क वापरणारा. त्याला टेरिटरीची (त्याच्या विभागाची) युजर परमिशन लावली की बाकीच्या ऑर्डर आपोआप गळतात. डीलर मात्र वेबसाइट युजर, फक्त बाहेरची पानं बघणारा. 'कस्टमर' रोलला सेल्स ऑर्डर वाचायची परवानगी मुळात नसते, त्यामुळे तिथे परवानगीची एरर येणार. मग वैतागून लोक त्या रोललाच परवानगी देऊन टाकतात. ते कृपया करू नका. कस्टमरच्या नोंदीत 'पोर्टल युजर्स'चा तक्ता असतो. लॉगिन केलेल्या युजरवरून ग्राहक कोण ते सर्व्हरवरच तिथून शोधा, तेच नाव फिल्टरमध्ये घाला आणि मग खुशाल 'गेट-ऑल' चालवा. ब्राउझरकडून नाव घ्यायचंच नाही.

आता पान कुठे ठेवायचं. ईआरपीनेक्स्टमध्ये ग्राहकासाठी 'ऑर्डर्स' हे पान आयतं असतं, पण त्यावर सबमिट झालेल्या, म्हणजे पक्क्या केलेल्याच ऑर्डर दिसतात. मंजुरीत अडकलेली ऑर्डर अजून ड्राफ्ट, म्हणजे कच्ची असते. म्हणजे तुम्हाला वेगळं पान खरंच लागणार आहे, फक्त त्याचं नाव 'ऑर्डर्स' ठेवू नका. डेस्कमधलं 'वेब पेज' डेटाबेसमध्ये राहतं. सूचना, पत्ता, सुट्ट्यांची यादी असल्या मजकुराला ते उत्तम. जिथे कोड आहे तिथे स्वतःचं छोटं ॲप काढा आणि त्याच्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' फोल्डरमध्ये एचटीएमएल फाइल आणि त्याच नावाची पायथन फाइल शेजारी शेजारी ठेवा. फाइलचं नाव हाच पानाचा पत्ता होतो. गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) राहतं, अपडेटमध्ये हरवत नाही. ईआरपीनेक्स्टच्या मूळ फोल्डरमध्ये हात घालायचा मोह मात्र आवरा.

पायथन फाइलमध्ये सुरुवातीलाच दोन गोष्टी हव्यात. युजर 'गेस्ट' (लॉगिन न केलेला) असेल तर तिथूनच परत पाठवा. आणि 'नो-कॅश' १ करा, म्हणजे तयार पान साठवलं जाणार नाही. हे दुसरं फार जण विसरतात. फ्रॅपे तयार झालेलं पान पत्ता आणि भाषा बघून साठवतं, युजर बघून नाही. सकाळी पहिल्या डीलरने उघडलेलं पान दुपारी दुसऱ्याला दिसू शकतं. यातली खोच अशी, की डेव्हलपर मोडमध्ये ही कॅश चालतच नाही. तुमच्या मशीनवर सगळं चोख, गोंधळ फक्त प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या साइटवर.

मॅनेजरला त्याच पानावर 'मंजूर' बटण द्यायचं म्हणता. माझ्या मते गरज नाही, त्याला डेस्कची लिस्ट पुरते. तरी द्यायचंच असेल तर डेटाबेसमध्ये थेट स्टेट (मंजुरीचा टप्पा) बदलू नका. त्याने दस्तऐवजावरच्या तपासण्या चालत नाहीत, त्या टप्प्यावर मंजुरी देण्याचा त्या माणसाला अधिकार आहे का हेही कोणी बघत नाही. फ्रॅपेचं 'अप्लाय-वर्कफ्लो' बोलवा, ते दोन्ही बघतं.

वर्कफ्लो (मंजुरीचे टप्पे) आणि कस्टम फील्ड (तुम्ही वाढवलेले रकाने) 'फिक्स्चर', म्हणजे ॲपसोबत जाणाऱ्या फाइल म्हणून ॲपमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा, म्हणजे टेस्ट साइटवरून प्रॉडक्शनवर हाताने काही उतरवावं लागणार नाही. मात्र एकदा फिक्स्चर केल्यावर प्रॉडक्शनवर वर्कफ्लोत परस्पर बदल करायचा नाही, हे तुमच्या साहेबांनाही सांगून ठेवा. पुढच्या 'मायग्रेट'ला (अपडेटनंतर चालवायच्या कमांडला) तो बदल पुसला जातो आणि शिव्या तुम्हाला बसतात.