पावडर, लिक्विड की वडी? धुण्याबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही वाघोलीला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि फ्रंट लोड मशीन घेतलं. सोसायटीला बोअर आणि टँकरचं पाणी. तेव्हापासून काळ्या जीन्सवर, मुलाच्या नेव्ही ब्लू युनिफॉर्मवर पांढरे पट्टे येतात, टॉवेल तर पापडासारखे कडक झालेत. दोन-तीन कंपन्यांच्या पावडरी बदलून झाल्या, आता महागातली आणलीये आणि जरा जास्तच घालते, तरी तेच. कुठली घेऊ ते सांगा ना.

उत्तर : पावडर बदलण्याआधी पाणी तपासा, कारण मला तरी हा ब्रँडचा प्रॉब्लेम वाटतच नाही. बोअरचं पाणी जड असतं म्हणजे त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात, तेच जे गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरे साचतात. आता पावडरीत धुण्याचा सोडा चांगला भरपूर असतो, तो पाण्यातल्या कॅल्शियमला भेटला की त्याचा बारीक खडू तयार होतो आणि तो सगळा काही पाण्याबरोबर निघून जात नाही, थोडा कपड्याच्या धाग्यात बसतो. काळ्या कपड्यावर तो दिसतो, पांढऱ्यावर दिसत नाही पण कपडा हळूहळू राखट होत जातो. त्यात तुम्ही पावडर वाढवली की न विरघळलेली पावडरही त्यातच अडकते, म्हणजे पट्टे आणखी.

घरीच एक करून बघा. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या, एकीत अर्ध्यापर्यंत बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं. दोन्हीत अंगाच्या साध्या साबणाचा किस चिमूटभर टाका, झाकण लावा आणि जोरात हलवा. (साबणच घ्या, पाकिटावर टीएफएम म्हणजे साबणातल्या स्निग्धांशाचं प्रमाण लिहिलेला. डिटर्जंटला जड पाण्यातही फेस येतो त्यामुळे त्याने काही कळत नाही.) आरओच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत चढतो आणि तसाच उभा राहतो. बोअरच्या बाटलीत पाणी गढूळ दुधट होतं, फेस लगेच बसतो आणि वर पांढरे कण तरंगायला लागतात. असं झालं तर समजा पाणी जड आहे. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो पाण्यातलं साधं मीठसुद्धा मोजतो, जडपणा वेगळा दाखवत नाही.

मग घ्यायचं काय, तर रंगीत आणि गडद कपड्यांना फ्रंट लोडचं लिक्विड घ्या. त्यात सोडा जवळजवळ नसतोच, थंड पाण्यात लगेच मिसळतं, आणि तेला-तुपाचे डाग, कॉलरचा मेणचट मळ यावर चांगलं चालतं. पण पावडर घरातून हद्दपार करू नका. पांढरे शर्ट, चादरी, नॅपकिन यांना फ्रंट लोडचीच पावडर वापरा आणि ४० डिग्रीला धुवा, कारण डाग फिके करणारं ऑक्सिजनवालं ब्लीच चांगल्या पावडरीत असतं, लिक्विडमध्ये ते टिकत नाही. बादलीत धुवायची पावडर मात्र मशीनला अजिबात नको. फ्रंट लोडमध्ये कपडे वर जाऊन खाली आपटतात त्यानेच तर मळ सुटतो, आणि फेस झाला की ते फेसावर अलगद पडतात, मळ तसाच राहतो, वर मशीन फेस काढायला पाणी आणि वेळ घालवत बसतं ते वेगळंच.

माप झाकणावरच्या खुणेनेच घ्या. जड पाण्यासाठी पाकिटावर वेगळं माप दिलं असेल तर ते घ्या, पण अंदाजाने ओतू नका. जास्त पडतंय का हे बघायचं असेल तर धुऊन वाळलेला टॉवेल कोमट पाण्याच्या बादलीत हाताने खळबळवा. पाणी बुळबुळीत लागलं किंवा फेस आला तर डिटर्जंट टॉवेलमध्येच राहतोय, मग माप कमी करा आणि एक्स्ट्रा रिन्स लावा. टॉवेलना सॉफ्टनर घालू नका, मऊ लागतात पण पाणी टिपत नाहीत. आता जे कडक झालेत त्यांना अधूनमधून शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर चालेल, पण क्लोरीनवाल्या ब्लीचबरोबर चुकूनही नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न : नाशिकहून लिहितेय. आमचं धुणं मावशी हाताने करतात. सासूबाई किलोवर मिळणारी सुटी पावडर आणतात, त्यांचं म्हणणं भरपूर फेस आला म्हणजे कपडे निघाले. पण मावशींच्या बोटांना भेगा पडल्यात, मला बघवत नाही. काय बदलू?

उत्तर : पावडर याच आठवड्यात बदला, तुमचा प्रश्न वाचून मला कपड्यांपेक्षा मावशींच्या हाताची काळजी वाटली. अशा सुट्या पावडरी बहुतेक ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा कच्चा माल) आणि धुण्याच्या सोड्याच्या असतात, लेबल नाही, कशात काय किती ते कळायला मार्ग नाही. सोडा जास्त असला की कातडीवरचं नैसर्गिक तेल पार निघून जातं, मग भेगा, आणि त्या भेगांत रोज तीच पावडर.

सासूबाईंचं म्हणणं साबणाच्या काळात अगदी बरोबर होतं बरं का. साबण आधी पाण्यातल्या क्षारांशी लढण्यात संपतो आणि उरला तरच फेस धरतो, त्यामुळे फेस टिकला म्हणजे साबण पुरेसा पडला हे खरंच होतं. भारतात १९५९ ला सर्फ आली, १९६९ ला अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली, ती स्वस्त पिवळी पावडर घरोघर पोचली आणि धुण्याचे कष्ट कितीतरी हलके झाले. पण डिटर्जंटचा फेस आणि सफाई यांचा तसा संबंध राहिला नाही. हे त्यांना असंच समजावून सांगा, त्यांना नक्की पटेल.

पॅकबंद, हाताने धुवायची पावडर आणा. आधी बादलीभर पाण्यात ती पूर्ण विरघळवा, मग कपडे अर्धा तास भिजवा. रात्रभर भिजवून जास्त स्वच्छ होत नाहीत, रंग मात्र जातो. कॉलर आणि बाह्यांना तेवढी वडी लावून ब्रश मारायचा, सगळ्या कपड्यांना नाही. मावशींना त्यांच्या मापाचे रबरी हातमोजे तुम्ही घेऊन द्या, धुणं झाल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन खोबरेल लावायला सांगा. आणि भेगा भरेपर्यंत चादरी-पडदे बाजूला ठेवा, भेगा चिघळल्या असतील तर डॉक्टरकडे तुम्ही घेऊन जा.

प्रश्न : पांढऱ्या कुर्त्यावर वरण सांडलं, साबण लावला तर डाग लालभडक झाला! कपडा वाया गेला का?

उत्तर : नाही गेला. हळद सोड्याला, साबणाला लागली की लाल होतेच, नीट खळबळलं की परत पिवळी होते. तेलाचा अंश लिक्विडने काढा आणि ओला कुर्ता कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो. एका दिवसात नाही गेला तर परत ओला करून टाका.

प्रश्न : गुहागरकडे आमचं घर आहे, धुण्याचं पाणी पन्हळीने माडांना आणि केळींना जातं. झाडांना बाधेल का?

उत्तर : माड सोसतो, तो खाऱ्या वाऱ्यात, खाऱ्या जमिनीत वाढणारं झाड आहे. केळ तेवढी सोसत नाही. त्रास फेसाचा कमी आणि सोड्यातल्या सोडियमचा जास्त, ते जमिनीत साठत गेलं की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. म्हणून शक्यतो लिक्विड वापरा, ब्लीच घातलेलं पाणी वेगळं काढा, पहिलं पाणी माडाला आणि खळबळलेलं केळीला द्या. अळू, पालेभाजीला देऊ नका. पावसाळ्यात एवढ्या पावसात सगळं धुऊन जातं, जपायचं ते फेब्रुवारी ते मे, तेव्हा रोज एकाच झाडाला न देता पन्हळ आळीपाळीने फिरवत राहा.